हरित रेणू

सिकंदराबाद
३ डिसेंबर २०२३

विहीणबाई त्रिवेणीताईंना हिम्मतरावाचा मनापासून नमस्कार.

रेणू शनिवारी माहेरी येते, तिच्याच हाती हे पत्र देतोय. फोन करता आला असता, पण मुलाच्या सासूशी फोनवर धंद्याचं बोलू नये असं माझं मत आहे. तोंडातून निसटलेला शब्द परत घेता येत नाही, कागदावरचा खोडता तरी येतो. जिथे खोडलेलं आहे तिथे कृपया बघू नये.

गेल्या आठवड्यात तुमच्या भजनी मंडळाच्या बायका बरकतपुऱ्यात एका रिसेप्शनला गेल्या होत्या. आशीर्वाद दिला, आहेर दिला, आणि जेवणाच्या टेबलापाशी जाऊन 'प्लास्टिकची पन्नी लावलेल्या कागदी प्लेटीत आम्ही जेवत नाही' असं सांगून सगळ्याच्या सगळ्या परत फिरल्या. मुलीचा बाप मागे धावला. निदान पार्सल तरी न्या म्हणाला. पार्सल प्लास्टिकच्या डब्यात होतं, म्हणून तेही नको म्हणाल्या. बिचाऱ्याची भर मांडवात इज्जत गेली. तिथला केटरर श्रीकांत माझं जुनं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी त्याने माझी ऑर्डर रद्द केली. मला म्हणतो, "साब, तुमच्या समधनबाईंनीच बंदी घातली, आता मी काय करू?"

ताई, पन्नी मी शौक म्हणून लावत नाही. कागदावर ती नसली तर पुलुसुचा रस्सा पाहुण्याच्या मांडीवर येतो. हे हैदराबाद आहे, इथे कुणी कोरडं जेवत नाही. शिवाय त्या प्लेटीला माझ्या रितेशने लग्नाच्या वर्षी हौसेने 'रेणू' नाव ठेवलंय. तुमच्याच लेकीच्या नावाच्या प्लेटीवर तुम्ही जेवत नाही, हे लोकांना कसं दिसतं याचा एकदा विचार व्हावा.

राग नाही. फक्त परेशान आहे.

आपला,
हिम्मतराव


नल्लकुंटा
१० डिसेंबर २०२३

हिम्मतराव व्याही यांना त्रिवेणीचा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

पत्र मिळालं. खोडलेलं सहज वाचता येत होतं, पण तुम्ही म्हणालात म्हणून वाचलं नाही असं धरून चालते.

सप्टेंबरात आमच्या गल्लीमागचा नाला तुंबला आणि पाणी पायऱ्यांपर्यंत आलं. नंतर माणसं आली, बांबूंनी गाळ उपसला आणि काठावर टाकून निघून गेली. काठावर लग्नाचा अख्खा मोसम पडला होता. मी काठीने एक प्लेट उलटी केली, तर मागे हिरव्या अक्षरांत माझ्या मुलीचं नाव. इतके दिवस चिखलात राहूनही पुसलं नव्हतं. तुमची छपाई उत्तम आहे.

जामबागेच्या शाळेत मी सगळी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं, की सरकारचा नियम लोक सहज मोडतात, पण दारातून उपाशी परतणाऱ्या बायका कुठल्याच यजमानाला सोसत नाहीत. म्हणून आम्ही न जेवायचं ठरवलं. तब्येतीलाही बरं आहे.

मुलीसाठी स्थळ बघायला तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "गिऱ्हाईक मागेल ते आम्ही बनवतो, आमचं स्वतःचं काही मत नसतं." मला तेव्हा तो विनय वाटला होता. आता आम्ही गिऱ्हाईक म्हणून मागतो आहोत. पन्नीशिवायची प्लेट बनवा. पहिली पंगत नल्लकुंट्यात बसेल.

आपली,
त्रिवेणी


सिकंदराबाद
८ जानेवारी २०२४

विहीणबाई,

तुमचं पत्र रितेशला वाचून दाखवलं, रात्री पुन्हा एकटा वाचलं. मग कामाला लागलो. सोबत काही बंडलं पाठवतोय. नवीन मालाचं नाव 'हरित रेणू'.

चकचकीत पांढरा कागद गेला, मातीच्या रंगाचा आला. मागचा छाप बदलला. पाकीट बदललं, त्यावर पळसाची पानं आली. भाव थोडा बदलला. चांगल्या वस्तूला लोक चार पैसे जास्त देतात असं रितेश कुठेतरी वाचून सांगतो. एवढे बदल या कारखान्यात मी आजवर केले नव्हते.

मंडळाने वापरून बघावं. पसंत पडलं तर चार लोकांत बोलावं. पाकिटावर तुमचा फोटो छापावा अशी मुलांची इच्छा आहे. शिक्षिकेचा चेहरा बघून लोक विश्वास ठेवतात. मी रेणूला म्हटलं, तूच विचार, मला धीर होत नाही.

हिम्मतराव


नल्लकुंटा
२० जानेवारी २०२४

व्याहीबुवांचं अभिनंदन, मंडळातर्फेसुद्धा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हरित रेणू काढल्या. वांग्याची भाजी, वर पातळ आमटी. आमच्या जयवंताबाई कशावर सहजी विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी एका प्लेटीत काठोकाठ पाणी भरलं आणि आरती संपेपर्यंत ती तशीच ठेवली. एक थेंब गळला नाही. एवढं सोसणारा नुसता कागद आम्ही कुणी पाहिला नव्हता. विज्ञान कुठे पोहोचलंय, असं त्या दोनदा म्हणाल्या.

तिथल्या तिथे सगळ्यांनी शपथ घेतली, की ज्या कार्यात हरित रेणू असेल तिथेच जेवायचं. जयवंताबाई आता पिशवीत एक पाकीट घेऊनच फिरतात, लोकांना दाखवायला.

फोटोला माझी हरकत नाही. चष्म्याशिवायचा घ्यावा. पाकिटावर 'पर्यावरन' छापलंय, तिथे ण करावा. एवढं शुद्धलेखन सोडलं तर त्यावर चुकीचं काही नाही.

गिऱ्हाइकाने नीट मागितलं की धंदा सुधारतो, हे मी मुलांना पुस्तकातून शिकवत असे. घरातच उदाहरण मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमच्याबद्दल मनात थोडं वाईट आणलं होतं, ते काढून टाकलं आहे.

त्रिवेणी


सिकंदराबाद
१४ एप्रिल २०२४

आई,

माझं मराठी वाचून लाल पेन काढू नकोस. या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास कमी करायला सांगितलाय म्हणून दोन शनिवार आले नाही. रितेश पत्र आणून देईल. फोनवर तू माझा आवाज ऐकून लगेच 'काय झालं' विचारतेस, म्हणून लिहितेय.

तब्येत ठीक. बाळ फार लाथा मारतं. हरित रेणूचा सेल मस्त चाललाय. अपार्टमेंटवाले, फंक्शन हॉलवाले सगळे तेच मागतात. तुझा फोटो बघून एका बाईंनी ऑफिसात फोन केला, 'या मॅडमनी मला सातवीत शिकवलंय, म्हणजे माल खराच असणार.' मामंजी हे सगळ्यांना सांगत असतात. मग एकदम विषय बदलतात.

डोहाळजेवण सव्वीस मेला, इथल्याच हॉलमध्ये. तुझं सगळं मंडळ बोलवायचं असं मामंजी म्हणतात.

आणि हो, जयवंतामावशी म्हणाल्या तू जेवलेल्या प्लेटी खताच्या माठात टाकतेस. टाकू नको ना. झुरळं होतात. कचऱ्याच्या गाडीत दे. प्लीज आई, माझं एवढं ऐक.

रेणू


नल्लकुंटा
५ मे २०२४

हिम्मतराव व्याही यांना नमस्कार.

हे पत्र रितेशरावांकडे पिना मारून बंद करून देते आहे.

रेणूने माठात प्लेटी टाकू नको असं कळवलं होतं. पण तिचं पत्र येण्याआधीच माठ भरला होता. काल उपसला. साली, चहाचा चोथा, निर्माल्य, सगळ्याची काळी माती झाली होती. तुमच्या कागदाचीही झाली होती. त्या मातीतून मात्र एकामागून एक पारदर्शक चकत्या निघाल्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. प्लेटीच्या काठाला असतात तशा चुण्या त्यांनाही होत्या. धुऊन गच्चीवर दोरीला वाळत घातल्या. शेजारच्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं. व्याह्यांनी पाठवलंय, मी म्हणाले.

एक चकती घडी करून सोबत ठेवली आहे.

मंडळाला सांगितलं तर माझ्या मुलीच्या घराचा धंदा मीच मोडते, तोही तिला सातवा महिना असताना. नाही सांगितलं तर पाकिटावर माझा चेहरा आहे आणि मी शिकवलेल्या मुली तो बघून विकत घेत आहेत. माझा फोटो आधी काढावा. बाकी काय करावं, हे मला तुम्ही सांगा. रेणूला हे माहीत होतं, एवढं तिच्या झुरळांवरून मला कळलं आहे. तिला काही विचारलेलं नाही.

त्रिवेणी


सिकंदराबाद
९ मे २०२४

विहीणबाई,

चकती मिळाली. आता लपवण्यात अर्थ नाही.

डिसेंबरात तुमचं पत्र वाचून मी आदिलाबादकडून खऱ्या पळसाच्या पत्रावळी मागवल्या होत्या, ते तुम्हाला सांगितलं नाही. शिवलेल्या, चांगल्या जाड. श्रीकांतला दाखवल्या. त्याने पहिल्यांदा भाव विचारला, मग त्यात रस्सा ओतला, मग परत केल्या. आणखी चौघांनी तेच केलं. पार्टीला पर्यावरण पाहिजे असतं साब, श्रीकांत म्हणाला, पण जुन्या भावात आणि साडीला डाग न पडता. म्हणून मग रंग बदलला.

तुमच्या मंडळाने पाणी ओतून पाहिलं. त्यांनी बघितलं ते गळतंय का. आत काय आहे ते एकीनेही विचारलं नाही. गळू नये आणि पन्नीही नको, हे या भावात कुठल्याच कागदाला जमत नाही. हे मला माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं, एवढाच माझा गुन्हा. छोटा नाही, कळतंय.

नवीन पाकिटं छापली की फोटो जाईल. तोवर एक विनंती. डोहाळजेवणाला मी सप्लाइंग कंपनीतून भाड्याने स्टीलची ताटं आणतो. माझ्याच घरच्या कार्यात माझी प्लेट नाही, याहून जास्त मी काय करू? तुम्ही या, जेवा, त्या दिवशी काही बोलू नका. पोरीचा दिवस आहे.

हिम्मतराव


नल्लकुंटा
२८ मे २०२४

हिम्मतराव व्याही,

परवा तुम्ही बाहेर होतात तेव्हा हॉलमध्ये काय झालं, ते तुम्हाला लोकांकडून तुकड्यातुकड्याने कळलं असेल. माझ्याकडून सलग कळावं म्हणून लिहिते. मी गप्प बसायचं ठरवून आले होते, यावर तुमचा विश्वास बसणार नाही, तरी लिहून ठेवते.

ओटी भरून झाली, पंगत बसली, स्टीलची ताटं आली. जयवंताबाई उठून उभ्या राहिल्या, तिथपर्यंत तुम्ही तिथेच होतात. "आमची शपथ आहे," त्या म्हणाल्या, "हरित रेणू नसेल तर आम्ही जेवत नाही." मागून सगळ्या उठल्या. ही ताटं धुवायला पाणी किती लागतं, असंही कुणी म्हणालं. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा मी आनंद आणि भीती एकत्र पाहिली. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, आणि गाडीतून खोकं आणतो म्हणून बाहेर गेलात.

मी बायकांना म्हटलं, आज स्टीलवर जेवा. ऐकेनात. लेकीच्या सासरी दबून वागते, असं एकीने मला तोंडावर सांगितलं. जयवंताबाईंनी आपल्या पिशवीतलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वर माझा चष्म्याशिवायचा फोटो. त्यातली एक प्लेट मी घेतली, काठ फाडला, पाण्याच्या ग्लासात बुडवून बोटाने कागद घासत गेले. कागदाचा लगदा ग्लासात उतरला आणि पन्नी माझ्या हातात राहिली. मी ती वर धरली. मला वाटलं होतं मोठ्याने सांगावं लागेल, पण काहीच सांगावं लागलं नाही.

जयवंताबाईंनी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे झाले," मी म्हणाले.

"आणि तीन आठवडे मी हे पाकीट घेऊन दारोदार फिरतेय."

मी पन्नी टेबलावर ठेवली. त्या पिशवी उचलून निघून गेल्या, त्यांच्यामागे आणखी काही जणी गेल्या. उरलेल्या तशाच उभ्या. मुलीच्या सासरचे माझ्याकडे बघत होते, माझ्याकडचे भिंतीकडे.

मग रेणू झोपाळ्यावरून उतरली. अंगावर फुलांचे दागिने, हिरवी साडी, एक हात कमरेवर. तिने स्टीलचं ताट घेतलं, माझ्या शेजारी बसली आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "मला भूक लागलीय. तुम्ही सगळे ठरवत बसा, मी जेवते." तिने पहिला घास घेतला. मग एकेक जण बसला.

तुम्ही खोकं घेऊन दारात आलात तेव्हा आम्ही जेवत होतो. तुम्ही ते खाली ठेवलंत आणि परत फिरलात. मी हाक मारणार होते. तोंडात घास होता.

रेणूला बाळंतपणासाठी पाठवणार नाही असा निरोप आला. तुमचा राग मला मान्य आहे. पण तो माझ्यावर काढा.

त्रिवेणी


सिकंदराबाद
२२ सप्टेंबर २०२४

विहीणबाई,

चार महिने पत्र लिहिलं नाही. रेणूला पाठवू नका असं मी म्हणालो, आणि रितेशने मला न विचारता तिला तुमच्याकडे आणून सोडलं. पोराने बापाला न विचारता केलेली ही पहिली गोष्ट. नात बघायला आलो तेव्हा तुम्ही चहा दिला, मी प्यालो, दोघंही पोरीच्या नाकाबद्दल बोललो. नाक तुमच्यावर गेलंय. बरं आहे म्हणालो होतो, ते मनापासून.

आता धंद्याचं, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. तुमच्याकडल्या ऑर्डरी गेल्या. बाकीच्या शहराला काही कळलंच नाही. पण रितेश हट्टाला पेटला. तुमचा फोटो काढला, पळसाची पानं काढली, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत छापून घेतलं, 'आत प्लास्टिकची पन्नी आहे'. मी म्हणालो, झालं, दुकान बंद. ताई, विक्री वाढली. श्रीकांत सांगतो, लोक वाचतात आणि म्हणतात, हे चांगलं आहे, म्हणजे गळणार नाही. परवा एक फंक्शन हॉलवाला आला, म्हणाला, ती पन्नीची ग्यारंटीवाली प्लेट द्या. मी आयुष्यभर जे लपवलं ते उघड सांगितलं असतं तर दोन मजले जास्त बांधले असते.

दुसरं रेणूचं. बाळाला मांडीवर घेऊन ती तुमच्या घरातून फोनवर काय काय करते ते तुम्ही ऐकतच असाल. कारखान्याच्या एका शेडमध्ये तिने स्टीलची ताटं आणि धुवायचं मशीन लावून घेतलंय. ताटं भाड्याने द्यायची, धुऊन परत आणायची. नल्लकुंट्याची पहिली ऑर्डर जयवंताबाईंच्या भाचीच्या साखरपुड्याची. बाईंनी फोन उचलल्याबरोबर सवलत मागितली.

त्यातून नफा अजून नाही. खरं सांगायचं तर पन्नीच्या पैशावर स्टील चाललंय. रेणूला हे सांगितलं तर ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून रोज हिशेब विचारू नका. तुम्ही यात काही बोलू नये अशी विनंती करणार होतो. खोडलं होतं, पुन्हा लिहिलं. बोला.

हिम्मतराव


नल्लकुंटा
१७ नोव्हेंबर २०२४

हिम्मतराव व्याही यांना नमस्कार.

बोला म्हणालात, म्हणून बोलते.

आमच्या मंडळाची दोन मंडळं झाली. जयवंताबाईंचं केळीच्या पानाचं मंडळ, आणि माझं, ज्यात मी आहे आणि दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांना गुडघ्यामुळे कुठेच जाता येत नाही. गेल्या रविवारी विद्यानगरला लग्न होतं. प्लेटीच्या खोक्यावर तुमची ठळक अक्षरं होती. मी जेवले नाही. पूर्वी आम्ही जेवलो नाही तर मुलीचा बाप मागे धावायचा. एकटी बाई जेवली नाही तर तिला मधुमेह आहे असं लोक समजतात. नवऱ्या मुलाच्या आईने आपुलकीने मला बिनसाखरेचा चहा दिला. कागदाच्या कपात. घरी येऊन दहीभात खाल्ला.

तुमच्या पाकिटावरचं वाक्य उभं राहून दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक नव्हती. खरं सांगितलं की लोक सुधारतात असं मी इतकी वर्षं शिकवलं. लोक खरं वाचतात, समाधानाने मान हलवतात आणि वाढून घेतात, हे आता कळलं. तरी ते वाक्य काढू नका. शेकड्यात एखादा थांबत असेल. मी थांबले.

रेणूच्या ताटांबद्दल माझी तक्रार आहे, ती तिला लेखी दिली आहे. साखरपुड्याच्या दोन ताटांच्या काठाला आदल्या दिवशीचं वरण होतं. तिने फोनवर कुणाला तरी असं झापलं, की मला तुमची आठवण झाली. आता ती टँकरच्या पाण्याचं काय करायचं यावर रितेशरावांशी वाद घालते. धुतलेलं पाणी गाळून बागेला द्यायचं म्हणते. पन्नीचे पैसे तिच्या स्टीलला लागतात, हे मला आवडलेलं नाही. तुमच्या पन्नीच्याच पैशाने माझ्या नातीचं बारसं झालं, तेव्हा मी पेढा खाल्ला होता. त्यामुळे फार बोलत नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी मी सांगितलं ते बरोबर होतं असं मला अजून वाटतं. तुम्ही खोकं ठेवून परत फिरलात, ते मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्हाला आधी बाहेर बोलावून सांगायला हवं होतं. तेवढा वेळ होता.

पुढच्या रविवारी रेणू आणि बाळ सासरी येणार. रितेशराव न्यायला येतो म्हणतात. तुम्ही स्वतः यावं. पुरणपोळी आणि कटाची आमटी करते. जेवून उठल्यावर ज्याने त्याने आपलं ताट धुवायचं, असा या घरचा नियम आहे. रितेशराव तीन महिने धुताहेत आणि आता चांगलं धुतात. व्याह्यांना सूट द्यावी की नाही यावर रेणूने आणि मी बराच विचार केला. देत नाही. तुम्हाला सवय नसेल तर मी शेजारी उभी राहून दाखवेन.

तुमची विहीण,
त्रिवेणी